तुमचे पोट्टे पाठवा



कार्यकर्ता कसा असावा यावर आपल्याकडं भाषणं पुष्कळ झाली. तहानभूक विसरलेला असावा. रात्रीचा दिवस करणारा असावा. घरादारावर तुळशीपत्र ठेवून निघालेला असावा. (तुळशीपत्र! शब्दसुद्धा आपण त्यांच्याच घरचे वापरतो.) मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रात्रीचा दिवस केलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत, त्याच्या मानेवर नजर ठेवून मी बसलेलो आहे. मान डुलली की घंटी मारायची. म्हणून व्यासपीठावरून कुणी 'तहानभूक विसरून' म्हणालं की पोट्टे टाळ्या पिटतात, आणि माझा हात आपोआप घंटीच्या दोरीकडं जातो.

आता विहारात नवे पोट्टे-पोट्टी येतात. २०२० साली ते शाळेत होते. म्हणतात, मामा, पुराची गोष्ट सांगा. डोंगा कसा काढला ते सांगा. डोंग्याची गोष्ट सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती पाणी ओसरल्यावरची आहे. पाणी असतं तेव्हा कुणालाच जात सुचत नाही. जीव सुचतो. चिखल उघडा पडला की सगळं जुनं जिथल्या तिथं दिसायला लागतं.

गाव तिरोडा तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं. पलीकडं बालाघाट. १९९९च्या १ मेपर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, मग गोंदियाचे झालो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून राहायचं आहे, आणि नाव बदललं तर गोष्ट बदलेल असंही नाही.

आमची टोळी त्या वर्षी मार्चमध्ये जमली. २४ मार्चच्या रात्री ८ वाजता सांगितलं आणि १२ वाजता देश बंद. चार तासांत! आमच्या भागातली माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, ती तिकडंच अडकली. आणि मुंबई–हावडा लाइनच्या कडेनं छत्तीसगडची माणसं चालत यायला लागली. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. बारा पोट्टे, पाच पोट्टी, तीन बाया आणि मी – इतकेच होतो. 'स्वयंसेवक' हा शब्द दुसऱ्यांनी केव्हाच पळवलाय, तो आम्ही वापरत नाही. समता सैनिक दलाचे म्हणावं तर ना वर्दी, ना कवायत. विहारातले पोट्टे, एवढंच.

पहिल्याच दिवशी मी विहाराच्या भिंतीवर ड्युटी चार्ट लावला. सहा तासांची पाळी. एकटा कुणी जाणार नाही, जोडीनं जायचं. दोन दिवस काम, तिसऱ्या दिवशी घरी. ज्याच्या घरी दम्याची म्हातारी आहे त्यानं लाइनवर यायचं नाही, त्यानं विहारात बसून तांदूळ मोजायचा. पोट्टे हसले. एक जण चिडलाच.

"मामा, चळवळीत सुट्टी रायते का गा?"

"सुट्टी नाही, रेस्ट. डेपोत लिहून लावलेली रायते."

त्याला ते पटलं नाही. तेविसाव्या वर्षी पटूही नये. पण चार्टवर नाव नाही म्हटल्यावर तो घरी गेला, बापासोबत बांध्यांचं काम केलं, आणि पुढच्या दिवशी आला तेव्हा कुणावर खेकसला नाही. विहारातली एक आजी, जिनं जन्मभर बिड्या वळल्या, ती त्याच आठवड्यात म्हणाली होती, "आधी तुमी जेवा, मंग वाढा. उपाशी पोट्टा चिडते, अन् चिडून वाढलेलं कोनाच्या घशाखाली उतरत नाही." आम्ही तसंच केलं. आधी सैनिकांची पंगत. बाहेरच्या एका पुढाऱ्यानं ते पाहिलं आणि नाक मुरडलं. मुरडू दे.

रुळावर कुणाला बसू द्यायचं नाही, हा दुसरा नियम. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ जालन्याहून भुसावळकडं निघालेले १६ मजूर रुळावरच झोपी गेले आणि मालगाडीखाली गेले. त्यांच्या भाकरी रुळावर पडलेल्या सगळ्या देशानं पाहिल्या. त्या दिवशी आमच्या दोन पोट्ट्यांनी काहीच काम केलं नाही. बांधाला टेकून बसून राहिले. मी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या जागी दुसरे दोघे गेले. चार्ट असल्याचा हा फायदा – एक जण बसला तरी काम उभं राहतं, आणि बसलेल्याला आपण गुन्हेगार आहोत असं वाटत नाही.

पैशाचा हिशेब रोज संध्याकाळी भिंतीवर. कुणी किती तांदूळ दिला, किती गेला, किती उरला. जसं वेबिल. आपल्याकडं चांगली टोळी फुटते ती विचारानं कमी आणि हिशेबानं जास्त. यावर जास्त लिहीत नाही, शहाण्याला कळतं.

ऑगस्टच्या शेवटी पूर आला. वर मध्यप्रदेशात पावसानं धिंगाणा घातला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं, आणि वैनगंगा काठ सोडून बांध्यांत शिरली. खाली गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहरात घराघरांत पाणी गेलं. आमच्याकडं रोवणी होऊन महिना-दीड महिना झालेला. धान हिरवागार उभा होता. सकाळी त्या जागी मातकट पाणी होतं आणि त्यावरून लाकडं, कुडाच्या भिंती, कोंबड्यांचे झाप वाहत होते.

डोंगे ढिवरांचे. वल्हवणारे ढिवर. हे आधी सांगतो, कारण पुढं सत्कार झाले तेव्हा नदी ज्यांना कळते त्यांचं नाव शेवटी आलं. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हाही समुद्रावरचे मच्छीमार आपल्या नावा ट्रकवर घालून आले आणि त्यांनी हजारो माणसं बाहेर काढली. नदी, समुद्र, स्मशान, गटार – ज्या ज्या जागी जीव जायची भीती असते, त्या जागेचं ज्ञान या देशात खालच्या म्हणवलेल्या माणसाकडं असतं. सत्काराची खुर्ची तेवढी वेगळ्याकडं.

आमच्या पोट्ट्यांत पोहता येणारे खूप. पण बोडीत पोहणं वेगळं आणि वैनगंगेच्या धारेत वेगळं. डोंग्यावर कोण जाईल हे मी ठरवलं नाही, त्या म्हाताऱ्या ढिवर मामांनी ठरवलं. त्यांनी नऊ जणांतून तीन घेतले. बाकीचे सहा फुरंगटले. मी म्हटलं, नदीत मामा सांगतील ते, गंजापाशी आजी सांगेल ते, आणि रजिस्टरपाशी ही पोरगी सांगेल ते. माझं काम तुम्हाला बोलावणं आणि घरी पाठवणं.

रजिस्टरवाली पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रत्येक खेपेला कोण चढलं, कोण कुठं उतरलं, ती लिहायची. पावसात, प्लॅस्टिकखाली. रात्री एक बाई नवरा सापडत नाही म्हणून उर बडवून रडत होती. पोरीनं पान उलटून सांगितलं – तुमचे मालक चौथ्या खेपेला उतरले, शाळेच्या मागच्या खोलीत आहेत. होतेच. हिंमत म्हणजे धारेत उडी, असं मानणाऱ्यांनी ते पान पाहायला हवं होतं.

शाळेत सगळं गाव एका छताखाली. कोरोनाचे दिवस, तोंडाला फडकी. पहिल्या रात्री आमच्या बायांनी भात आणि लाखोळीची डाळ शिजवली. काही घरं जेवली नाहीत. उघड कुणी काही बोललं नाही – पोट दुखते, भूक नाही, उपास आहे. कोणी म्हणालं, आम्हाला कोरडं द्या, आम्ही वेगळं मांडून घेऊ. भात वाढणाऱ्या दोन पोरी आत जाऊन रडल्या. मी बायांना विचारलं, काय करायचं? आजी म्हणाली, "एकच गंज. खायाचं त खाय, नाही त बस उपासी." कोरडा शिधा दिला नाही. मध्यरात्री त्यांची लेकरं उठून आली आणि खाऊन गेली. सकाळी आयाही आल्या. बाप्ये दुपारी.

आणि हे पोट्ट्यांना सुचलं नव्हतं, पोरींना सुचलं – शाळेत साठ-सत्तर बाया, त्यांना कापड लागेल. आडोसा लागेल. त्यांनी फळ्याची खोली आतून पडदा लावून वेगळी काढली आणि दारावर कुणी काही लिहिलं नाही. पुरुषांनी विचारलं, आत काय आहे? पोरी म्हणाल्या, स्टोअर.

तर पाणी उतरलं.

बांध्या चिखलानं भरलेल्या, आणि जागोजागी मेलेली ढोरं. कोठ्यात दावणीला बांधलेलीच बुडालेली. म्हशी फुगून मोठ्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी वास सुटला. तिसऱ्या दिवशी गावातली चार जाणती माणसं विहाराच्या पायरीपर्यंत आली. विहारात नाही, पायरीपर्यंत. मोठ्या गोडीनं बोलली.

"कंडक्टर भाऊ, तुमच्या पोट्ट्यांनी लय काम केलं. गावाचं नाव काढलं. आता एवढं शेवटचं. तुमचे पोट्टे पाठवा."

कशाला, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. गाव बसलं तेव्हापासून ठरलेलं.

मित्रांनो, माझ्या आज्यानं ढोरं ओढली आहेत. त्याच्या खांद्यावर दोराचा वळ होता, मी लहानपणी त्यावरून बोट फिरवायचो. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तेव्हापासून गावोगाव आपल्या माणसांनी ते मांस सोडलं, मग ढोरं ओढणंही सोडलं, आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. आमच्या मोहल्ल्यानं १९५६च्या दीक्षेनंतर सोडलं. आज्या नागपूरहून परत आला आणि दोर नदीत टाकला, असं घरी सांगतात. आणि आता तोच दोर 'सेवा' म्हणून, 'माणुसकी' म्हणून, शाबासकीच्या कागदात गुंडाळून पायरीवर आला होता.

ही गोष्ट आमच्याच गावची आहे असं समजू नका. २००४च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमला प्रेतं उचलायला दुसऱ्या शहरांतून सफाई कामगार आणले गेले – बहुतेक दलित. आणि त्याच किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदतीच्या छावणीत इतरांबरोबर बसू दिलं गेलं नाही. छावणीत नको, प्रेताला हवे. संकट आलं की माणसं एक होतात, असं पुस्तकात असतं. संकट आलं की कामाची वाटणी होते, आणि वाटणी करणारा हात जुनाच असतो.

रात्री विहारात सगळे बसले. सव्वीस जण होते तोवर. मी म्हटलं, आज प्रत्येकानं बोलायचं, सगळ्यांत धाकट्यानं आधी. कारण मोठा आधी बोलला की धाकटा त्याचंच बोलतो.

धाकटा सतरा वर्षांचा. म्हणाला, "मी जातो. वास आपल्याही मोहल्ल्यात येऊन रायला. रोगराई झाली त आपलेच लेकरं मरतीन." दुसरा उठला, "मरू दे गाव! तीन दिवस आपल्या हातचं खायाले नाही म्हनत होते." एकजण बुद्धाच्या करुणेवर बोलला, त्यानं वाचलेलं होतं, चांगलं बोलला. रजिस्टरवाली शेवटी म्हणाली, "मामा, प्रश्न ढोराचा नाही. आपल्यालेच काऊन विचारलं हा आहे."

पोट्टे भांडले. दोघं तर अंगावर गेले एकमेकांच्या. मला मुळात जास्त भीती वाटली ती त्या सतरा वर्षांच्या पोट्ट्याची. तो चांगल्या मनानं जायला तयार होता. चांगल्या मनाच्या पोट्ट्यालाच हे गाव आधी खातं. तो गेला असता तर पुढच्या पुरात, पुढच्या साथीत, प्रत्येक वेळी त्याच्याच दाराशी आले असते, आणि तो प्रत्येक वेळी गेला असता. त्याच्या लेकानंही मग तेच केलं असतं. पुढारी म्हणून माझं काम त्याला शूर करणं नव्हतं. त्याच्या चांगुलपणावर पहारा ठेवणं होतं.

महाडची दुसरी गोष्ट मी त्या रात्री सांगितली. १९२७च्या डिसेंबरात सत्याग्रहाला हजारो माणसं जमली. दुकानदारांनी माल द्यायचं नाकारलं, शिधा बाहेरून आणला. मांडवाला जागा एका मुसलमान गृहस्थानं दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पाण्यात उतरायला, तुरुंगात जायला माणसं तयार, नावं नोंदवून बसलेली. आणि कोर्टाचा मनाईहुकूम आला. बाबासाहेबांनी माणसांना थांबवलं. मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात न लावता परतली. खटला लढवला, १९३७ला हायकोर्टात जिंकला. आधी मार्चमध्ये डोकी फुटली होती तेव्हाही, आपल्यात पलटणीतले निवृत्त शिपाई होते तरी, उलट हात उचलायचा नाही हेच सांगितलं होतं. पेटलेल्या माणसाला पुढं ढकलायला काही लागत नाही. त्याला थांबवायला, आणि थांबल्यावर त्याची मान खाली जाऊ न देण्याला फार लागतं.

मग ठरलं. कागद लिहिला, ग्रामपंचायतीला दिला, पोच घेतली. मजकूर थोडा होता. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट हे पंचायतीचं काम आहे. पंचायतीनं जेसीबी, चुना, ब्लिचिंग पावडर, हातमोजे आणि गमबूट आणावेत. प्रत्येक मोहल्ल्यातून सारखी माणसं यावीत. ज्याचं जनावर, त्याच्या घरचा एक माणूस आलाच पाहिजे. असं झालं तर विहारातले दहा जण येतील. नाही झालं तर एकही येणार नाही.

गाव एक दिवस गप्प. वास वाढला. निरोप आले – रोग पसरला तर तुमच्या डोक्यावर. एकानं पैसे पाठवले, माणशी पाचशे. पैसे परत गेले, आणि ते परत करायला मी त्याच चिडक्या पोट्ट्याला पाठवलं, कारण त्या घराच्या ओट्यावर उभं राहून 'नाही' म्हणायची संधी त्याच्या बापाला कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगेवाल्या मामांचे दोन पुतणे आले. मागून एक पोवाराचा पोट्टा, ज्याची स्वतःची म्हैस गेली होती, फडकं तोंडाला बांधून. मग दोन गोंड, मग एक तेली. संध्याकाळपर्यंत जेसीबी आला. सगळी घरं आली नाहीत. पायरीवर आलेल्या चौघांपैकी एकच आला. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून ओकला, पण गेला नाही. आमचे दहा जण यादीत शेवटी होते, स्वतःहून हात वर केलेले. त्या सतरा वर्षांच्याला मी घेतलं नाही. त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या हातांवर पाणी ओतलं, सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या, आणि मला वाटतं त्या दिवसातलं पाहण्यासारखं तेवढंच होतं.

गाव बदललं काय? विचारू नका. पुढच्या पोळ्याला बैल मारुतीच्या पारावर तसेच मिरवले, आणि आमचा मोहल्ला तसाच दूर उभा. पण 'तुमचे पोट्टे पाठवा' असं त्या गोडीनं पुन्हा कुणी म्हणालं नाही. म्हणतात, 'आमचे दोन येतात, तुमचे किती?' माझ्या हिशेबात हे फार मोठं आहे. कुणाला लहान वाटत असेल तर वाटो.

२०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, आणि प्रश्न उलटा होऊन आला. आता ढोरं नाहीत, माणसं. घरचेच प्रेताला शिवायला तयार नाहीत. या वेळी आम्ही कागद लिहिला नाही. माणूस मेला तर जात पाहायची नाही, उचलायचं, असं एकमतानं ठरलं. फक्त एकच अट – घरचा एक जण पीपीई किट घालून सोबत चालेल. किट आम्ही देऊ, कसं घालायचं ते शिकवू, हात धरू. पण आमच्या पोट्ट्यांच्या खांद्यावर बाप देऊन दार लावून घ्यायचं नाही. एक सोडून सगळी घरं आली.

आणि एका पोट्ट्यानं आठवड्यात दोनदाच जायचं. दोनदाच्या वर चार्टवर नाव लागत नसे. परत आल्यावर अंघोळ, मग आजीच्या अंगणात बसायचं. बोलायचं असेल तर बोलायचं, नसेल तर चहा प्यायचा. एकाला त्यानंतर महिनाभर भात गिळवेना. त्याला सगळे म्हणत, घट्ट हो. आजीनं त्याला घट्ट केलं नाही. त्याला तांदूळ निवडायला बसवलं. खडे काढायचे, दुसरं काही नाही. पंधरा-वीस दिवस तो तेच करत बसला. मग एक दिवस उठून म्हणाला, रजिस्टर माझ्याकडं द्या.

त्याच्याकडं दिलं नाही. रजिस्टरवाली सोडायला तयार नव्हती. तिनं त्याला दोराची जबाबदारी दिली. तो आता दर मृगाच्या आधी दोर उन्हात टाकतो, गाठी तपासतो, ट्रकच्या ट्यूबांत हवा भरून बोडीत बुडवून पाहतो. जोड्या लावायचं कामही आता तिच्याकडंच आहे. गेल्या पावसाळ्यात चार्ट लागला तेव्हा मी माझं नाव शोधलं. रात्रपाळीत नव्हतं. मी म्हटलं, पोरी, चुकलं काय?

"नाही मामा. तुमाले शुगर आहे. तुमची नाइट बंद."

मी कुरकुरलो. तिनं खडू खाली ठेवला नाही. मी घरी जाऊन झोपलो.